चादरींच्या खोलीचं समर्पण

आमच्या मंडळीत भुतं नाहीत. माणूस गेला की त्याचा आत्मा जिथे जायचा तिथे सरळ जातो. वाटेत रेंगाळत नाही, मागे वळून बघत नाही, विसरलेला चष्मा न्यायला परत येत नाही. ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे आमच्या हॉस्पिटलातल्या चादरींच्या खोलीत दुपारी एक ते दोनच्या दरम्यान कुणीही एकटं जात नसे, याचं कारण दुसरं काहीतरी असणार.

मी या हॉस्पिटलच्या कार्यालयात काम करतो आणि कारभारी मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त लिहितो. हॉस्पिटल मंडळीचं, मंडळी चर्चची, आणि चर्च हॉस्पिटलच्या आवारात. थोडक्यात, रविवारी ज्यांच्या शेजारी बसून गीत म्हणायचं त्यांच्याशीच सोमवारी रजेवरून भांडायचं. चादरींच्या खोलीत जे काही होतं, किंवा आमच्या श्रद्धेनुसार नव्हतं, त्या माझ्या सासूबाई होत्या. जावयाला सासूची भीती वाटणं यात नवं काही नाही. पण सगळ्या हॉस्पिटललाच माझ्या सासूची भीती वाटू लागली, तेव्हा मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा सोबत असल्यासारखं वाटलं.

सासूबाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी ती खोली सांभाळली. चादरी, उशीच्या खोळी, ऑपरेशनची हिरवी कापडं, सगळ्यांवर त्यांची नजर. चादरीची घडी तीन पदरी घालायची हा त्यांचा नियम. तीन पदरी चादर पेशंट पलंगावर असतानाही एका बाजूने उलगडत नेता येते, आणि मधली मोड पाठीखाली येत नाही. लाँड्रीत काम करायला आलेल्या प्रत्येक बाईला त्या पहिला महिनाभर दुसरं काहीच शिकवत नसत. घडी चुकली की ओरडत नसत, फक्त चादर झटकून परत हातात देत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

बाई गेल्या आणि महिन्याभरात व्यवस्थापकांचं पत्रक निघालं. या गृहस्थांना लोक पाठीमागे ‘परिपत्रक’ म्हणतात. समोर ‘साहेब’ म्हणतात, पण तोंडाला लागलेली सवय आवरायला एक क्षण थांबतात, तो त्यांना आदर वाटतो. नवी लोखंडी कपाटं आली होती, खण अरुंद होते, म्हणून यापुढे चादरी चार पदरीच घडी घालाव्यात, कसूर करणाऱ्यांवर कारवाई होईल, असं पत्रक. हा बेत बाईंच्या हयातीतच चालला होता. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “चौपदरी रस्ता असतो. पेशंटला रस्त्यावर झोपवायचंय का?”

लाँड्रीत तीन बायका. लंबू, चष्मेवाली आणि सगळ्यांत जुनी ती मावशी. सकाळभर इस्त्री करायची, घड्या घालायच्या, गठ्ठे कापडात बांधून चादरींच्या खोलीत ठेवायचे, कुलूप लावून किल्ली माझ्या टेबलावर आणून द्यायची आणि जेवायला जायचं. दोन वाजता वॉर्डमधली माणसं येऊन गठ्ठे सोडत. पत्रक निघाल्याच्या चौथ्या दिवशी पहिला गठ्ठा सोडला, तर वरच्या चार चादरी चार पदरी, आणि खालच्या आठ तीन पदरी.

तिघींना बोलावलं. तिघींनी शपथेवर सांगितलं की आम्ही चारच पदर घातले. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, हे कुणालाही दिसत होतं. चष्मेवालीचा तर चष्मा ओला झाला होता.

मग काय, एकाला निलगिरीचा वास आला. बाई सर्दीला निलगिरी लावत. हॉस्पिटलात निलगिरीचा वास येणं म्हणजे समुद्रात मीठ सापडण्यासारखं, पण आला. दुसऱ्याला चपला फटक फटक वाजलेल्या ऐकू आल्या. महिनाभरात खोलीत दोघीदोघी जाऊ लागल्या, आणि जाताना मोठ्याने गीत म्हणू लागल्या. गीत पूर्ण झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही असा संकेत पडला. गीत पाच कडव्यांचं निघालं तर वॉर्डात पेशंट उघड्या गादीवर वाट बघत बसत. अकरा महिने असे गेले. शेवटी एका हर्नियाचं ऑपरेशन धृपदाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी पाऊण तास थांबलं, तेव्हा विषय मंडळाच्या बैठकीत आला.

बैठकीला चर्चचे पाळकसाहेब, परिपत्रक, मोठे डॉक्टर, खजिनदार आणि इतिवृत्तापुरता मी.

“पहिली गोष्ट,” पाळकसाहेब म्हणाले, “भूत नसतं. हे लिहून घ्या.”

मी लिहून घेतलं.

“मग प्रश्नच मिटला,” डॉक्टर उठायला लागले.

“बसा. मेलेला माणूस परत येत नाही. पण दुष्टात्मा असतो. तो मेलेल्याचं सोंग घेऊन येतो. शास्त्रात आधार आहे.”

खजिनदारांनी जरा विचार केला. “म्हणजे तिथे बाई नाहीत. बाईंच्या वेषात सैतानाचा माणूस आहे.”

“असं म्हणता येईल.”

“आणि तो चादरींच्या घड्या घालतो.”

“फसवण्यासाठी.”

“इतक्या नीट?”

“तो फसवण्यात वाकबगार असतो.”

“पगारही घेत नाही,” डॉक्टर म्हणाले. “कायम करून टाका.”

पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टर आपले बूट निरखू लागले. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हेत. लोक घाबरले आहेत, घाबरलेल्यांना धीर द्यायचा आहे आणि तोही शिकवण न मोडता, अशा कात्रीत ते सापडले होते. आमच्यात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, कारण गेलेल्याचा निकाल लागलेला असतो. त्यात आपण अर्ज करून उपयोग नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी तोडगा काढला. प्रार्थना मृतासाठी करायची नाही, खोलीसाठी करायची. रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी खोलीपाशी जमायचं आणि ‘या खोलीत जो जीव अस्वस्थ आहे त्याला विसावा मिळो’ असं म्हणायचं. जीव कुणाचा ते सांगायचं नाही.

“इतिवृत्तात काय लिहू?” मी विचारलं.

“चादरींच्या खोलीचं वार्षिक समर्पण.”

“गेल्या वर्षी झालं नव्हतं.”

“मग नुसतं समर्पण लिहा,” परिपत्रक म्हणाले. “आणि आमेनचं बघा. ते तुमच्या घरातलं काम.”

हे आमेनचं सांगायला हवं. आमच्याकडे कुणाच्या घरासाठी प्रार्थना केली की पहिलं आमेन घरच्यांनी म्हणायचं, मग बाकीच्यांनी. घरच्यांचं आमेन येईपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत. ही पद्धत कुणी पाडली ठाऊक नाही, पण मोडलेली कुणी पाहिलेली नाही. घरच्यांच्यात मोठं म्हणजे बाईंची थोरली मुलगी, माझ्या बायकोची ताई. ती याच हॉस्पिटलात एक्स-रे काढते.

मी गेलो तेव्हा ताई शिशाचा एप्रन घालून एका गृहस्थांना यंत्रापुढे उभं करत होती. गृहस्थ जिन्यावरून पडले होते.

“छाती पुढे. श्वास घ्या. धरा. काय भावोजी, आज इकडे कसे?”

मी सांगितलं. सगळं नाही, पण सांगितलं. बोलता बोलता मी आवाज खाली आणला, तसं तिचं ऐकणं वाढत गेलं.

“कोण अस्वस्थ आहे म्हणालात?”

“नाव घेतलेलं नाही.”

“नाव न घेता माझ्या आईला भूत केलंत?”

“भूत नाही. ते तर पहिल्याच वाक्यात नाकारलंय. माझ्याच अक्षरात आहे.”

“मग दुष्टात्मा?”

“तसं पाळकसाहेबांचं मत आहे.”

“हे बघा,” ताई म्हणाली, “आई वॉर्ड तीनमध्ये गेली, माझ्या हातावर. मी होते, धाकटी होती, तुम्ही दारात होतात.”

“हो.”

“‘येशू’ म्हणाली. ऐकलंत ना? मग म्हणाली, ‘उशीच्या खोळी मोजून घे गं.’ मग गेली. काय राहिलं होतं तिचं? कशासाठी परत येईल?”

“खोळी मोजल्यास का?” मी विचारलं.

“दोन कमी होत्या. सापडल्या. छत्तीस वर्षं इथे मेलेल्या प्रत्येक माणसावर शेवटची चादर तिने घातली, भावोजी. आपले, परके, दारुडे, लहान लेकरं. कुणी तरी परत आलं? एकाने तरी खोलीत येऊन चादर परत दिली? मग तिलाच कसा रस्ता सापडला नाही?”

“लोक घाबरलेत गं.”

“लोक पहिल्यापासूनच घाबरतात. शिष्यांनी खुद्द प्रभूला पाण्यावर बघून ‘भूत, भूत’ म्हणून बोंब मारली. तेव्हाही चुकले होते. आणि शेजारच्या क्रुसावरचा तो चोर! आयुष्यभर चोऱ्या केल्या, एक वाक्य बोलला, आजच्या आज स्वर्ग. आणि माझी आई अकरा महिने कपाटात?”

तेवढ्यात यंत्रापुढून बारीक आवाज आला.

“बाई, सोडू का?”

“अगं बाई! सोडा, सोडा!”

गृहस्थ निळे पडले होते. त्यांनी भिंतीला धरून दोन श्वास घेतले आणि मग म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, बाई. चोराचं मला पटलं.”

ताईने शिशाचा एप्रन काढून खुंटीला अडकवला. “मी आमेन म्हटलं, तर त्याचा अर्थ मी सही करून दिली की आई पोचली नाही. सांगा त्यांना, माझी सही मिळणार नाही.”

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. तिची समजूत होती की ताईला समजावणं हे जावयाचं काम, आणि माझी समजूत होती की ते बहिणीचं काम. या मुद्द्यावर जेवण झालं. शेवटी ती म्हणाली, “आई असती तर तिनेच पाळकसाहेबांना चादर झटकून परत दिली असती.” आणि भांडी घासायला गेली.

ताईने दुसऱ्या दिवसापासून धरणं धरलं. एक्स-रेला दुपारी एक ते दोन सुट्टी. तेवढा वेळ ती माझ्याकडून किल्ली घेऊन चादरींच्या खोलीत स्टूल टाकून, डबा मांडीवर घेऊन बसू लागली. पहिल्या दिवशी दारापाशी गर्दी जमली. ती शांतपणे जेवली, हात धुतले, गठ्ठे सोडले. निम्म्या चादरी तीन पदरी. त्या तासाभरात तिथे ताई आणि एक पाल यांच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि पाल भिंतीवरून हललीसुद्धा नव्हती.

यावरून ताईने निष्कर्ष काढला की घड्या खोलीत घातल्या जात नाहीत, आधीच घातलेल्या येतात. बाकीच्यांनी निष्कर्ष काढला की बाई आता दिसेनाशाही झाल्या.

चौथ्या दिवशी ताई सकाळीच लाँड्रीत गेली. मला सोबत घेतलं. म्हणाली, पुरावा म्हणून. तिघी घड्या घालत होत्या. ताईकडे पाहून त्यांचे हात सावध झाले. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक पदर मोजून, परीक्षेतल्या उत्तरासारखा. ताई कोपऱ्यातल्या टोपलीवर बसली आणि म्हणाली, “मावशी, आईने तुम्हाला पहिल्यांदा चादर परत दिली तेव्हाचं सांगा की.”

“काय सांगू,” मावशी म्हणाली, “अकरा वेळा परत दिली. बाराव्या वेळेला मी म्हटलं, मी चालले घरी. तर म्हणते, जा, पण चादर घडी घालून जा.”

लंबू हसली. “मला तर म्हणाली, तू एवढी उंच आहेस, निदान चादरीला तरी लोळवू नकोस.”

“आणि ते जावईबापू पहिल्यांदा आले तेव्हा!” चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. “राहू दे, समोरच आहेत.”

“सांग, सांग, ते काही बोलत नाहीत,” ताई म्हणाली.

चष्मेवालीने सांगितलं. ते इथे लिहिण्याची गरज नाही. तिघी पोट धरून हसल्या. म्हणजे हात मोकळे असते तर धरलं असतं; हात चालूच होते. इस्त्री, झटका, मोड, मोड, बाजूला. पंधरा मिनिटं बाईंच्या गोष्टी चालल्या होत्या. मग ताई उठली, बाजूचा ढीग उचलला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

“मोजा.”

चष्मेवालीने मोजले. एक, दोन, तीन. पुढची. एक, दोन, तीन. तिघींच्याही ढिगात वरून खालपर्यंत, गोष्टी सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या चादरी तीन पदरी.

माझ्या मते आता गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण लंबूने आपले दोन्ही हात असे अंगापासून लांब धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

“बाई गं! माझ्या हातात शिरली!”

“कुणी शिरलं नाही,” ताई म्हणाली. “तिने तुमच्या हाताला वळण लावलं. तिचं काम तुमच्या हातात राहिलं, ती नाही राहिली. ती गेली. नीट गेली.”

चष्मेवाली रडायला लागली, पण हे रडणं वेगळं होतं, लाजेचं असावं. मग तिला एकदम काहीतरी सुचलं आणि तिने ताईचा हात धरला. “ताई, हे साहेबांना सांगू नका. पत्रकात कारवाई लिहिलीये. घड्या आम्ही घातल्या असं कळलं तर घरी बसवतील. घड्या बाईंनी घातल्या तर...”

“तर?”

“तर काय करतील? बाईंवर कारवाई करतील?”

ताईने ढिगातली वरची चादर उचलली. पुरावा तिच्या हातात होता, एक्स-रेपेक्षा स्वच्छ. आणि तो वापरायचा तर तीन बायकांची चूल विझणार होती. मला वाटलं, आता ती मुकाट्याने आमेन म्हणेल. तिच्या जागी मी असतो तर इस्त्री गार व्हायच्या आत म्हटलं असतं.

“नाही सांगत,” ती म्हणाली. “पण आमेनही म्हणणार नाही.”

“मग कारण काय सांगशील?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“कारण कशाला हवं? खोटं आहे म्हणून नाही म्हणायचं. तेवढं पुरे नाही का?”

रविवारी उपासना संपल्यावर सगळी मंडळी चादरींच्या खोलीपुढच्या व्हरांड्यात जमली. पाळकसाहेब झग्यात, खजिनदार कोटात, परिपत्रक हातात फाईल घेऊन. फाईल कशाला, हे त्यांनाही ठाऊक नसावं. तिच्याशिवाय त्यांना उभं राहता येत नाही. लाँड्रीच्या तिघी भिंतीला टेकून. ताई सगळ्यांत पुढे, दाराच्या उंबऱ्याशी, तिच्या शेजारी धाकटी, म्हणजे माझी बायको, आणि तिच्या मागे मी, कारण ती जागा रिकामी होती.

डोळे मिटले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि खरं सांगायचं तर सुंदर केली. अंधार आणि प्रकाश, थकलेली वाट, दार ठोठावणारा जीव. दोनचार जणींनी डोळे पुसले. “या खोलीत जो जीव अस्वस्थ आहे, त्याला तू विसावा दे,” असं म्हणून ते थांबले. आता आमेन.

“नाही,” ताई म्हणाली.

प्रार्थनेला ‘नाही’ म्हणून उत्तर देता येतं, हे मंडळीतल्या कुणाला माहीतच नव्हतं. डोळे उघडायचे की मिटलेले ठेवायचे, याला काही नियम नव्हता. तेव्हा ते मिटलेलेच राहिले. मी पापण्यांच्या फटीतून बघत होतो. इतिवृत्त लिहिणाऱ्याला ते बघावंच लागतं.

पाळकसाहेबांना वाटलं, ऐकू आलं नसेल. त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

“नाही, पाळकसाहेब. ऐकलं मी. इथे कुणी अस्वस्थ नाही.”

“ताई,” पाळकसाहेब डोळे मिटूनच पुटपुटले, “आपण नंतर बोलू. आत्ता आमेन म्हणा.”

“माझ्या आईला तुम्हीच पुरलंत. तिच्या पेटीवर हात ठेवून तुम्हीच म्हणालात, ही प्रभूच्या घरी गेली. मंडळीसमोर म्हणालात. मी तेव्हा आमेन म्हटलं. ते आमेन खरं होतं की आजचं खरं? दोन्ही खरी नसतात. मी एकदा म्हटलंय, ते मागे घेणार नाही. तुम्हाला मागे घ्यायचं असेल तर तुम्ही घ्या.”

वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याचं खोकणं व्हरांड्यात प्रवचनासारखं ऐकू आलं.

पाळकसाहेबांनी दुसरा मार्ग धरला. “घरची दुसरीही मुलगी आहे,” ते म्हणाले.

माझ्या बायकोने हनुवटी छातीला टेकवली आणि ताईचा हात शोधून धरला. बोलली नाही. ती गप्प बसते तेव्हा किती मोठ्याने बसते, हे मला घरच्या अनुभवाने माहीत आहे.

“जावईसुद्धा घरचेच,” परिपत्रक म्हणाले. त्यांचे डोळे उघडे होते.

आता सगळे माझी वाट बघू लागले. माझी नोकरी समोर फाईल धरून उभी होती, माझी बायको समोर पाठ करून उभी होती. माणसाने अशा वेळी धैर्य दाखवावं असं म्हणतात. मी घसा खाकरला.

“मी इतिवृत्त लिहितो आहे,” मी म्हणालो. “मला मत नाही.”

कुणीतरी मागे फिसकन हसलं, डॉक्टर असावेत. बायकोची पाठ मात्र किंचित सैल झाली. लग्नानंतर माझ्या वागण्याने तिचं इतकं समाधान क्वचितच झालं असेल.

किती वेळ गेला सांगता येत नाही. लोक डोळे मिटून उभे. एका लहान मुलीने विचारलं, “संपलं का?” आणि तिच्या आईने तिला दटावलं. खजिनदार एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले आणि परत आले. प्रार्थना अशी अर्धवट लोंबकळत ठेवून कुणालाच घरी जाता येत नव्हतं.

तेव्हा भिंतीपासून मावशी पुढे आली. गुडघे धरले होते तिचे. अशा बाईला फार वेळ उभं ठेवू नये.

“पाळकसाहेब, बाईंना सोडा,” ती म्हणाली. “घड्या मी घातल्या.”

सगळ्यांनी डोळे उघडले.

“तुम्ही?” परिपत्रक म्हणाले.

“मी. ठरवून नव्हे. हात जातो तसा. चोवीस वर्षं गेलाय. त्याला तुमचं पत्रक वाचता येत नाही.”

“मीपण,” लंबू म्हणाली.

चष्मेवालीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “माझ्या जास्त असतील. मी बोलते फार.”

“मावशी, मी काही सांगितलं नव्हतं,” ताई म्हणाली.

“माहीत आहे गं. म्हणून तर सांगितलं.”

परिपत्रकांनी फाईल उघडली. कारवाईचं कलम शोधत असावेत. “म्हणजे अकरा महिने नियमाचा भंग...”

“आधी प्रार्थना संपू दे,” ताई म्हणाली. “अजून आमेन झालेलं नाही. डोळे मिटा.”

आणि परिपत्रकांनी डोळे मिटले. हे मी पाहिलं आहे. सगळ्यांनीच मिटले.

 पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला होता, मग हळूहळू उतरला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली तेव्हा आवाजात उपासनेचा चढउतार नव्हता. शेजारच्या घरात निरोप सांगायला आलेल्या माणसासारखे बोलले. “प्रभू, आमच्या बाई तुझ्याजवळ आहेत. ज्या दिवशी गेल्या त्या दिवसापासून आहेत. त्यांना आमच्याकडून काही नको. आम्ही घाबरलो, आणि आमची भीती त्यांच्या नावावर टाकली. आम्हाला क्षमा कर.”

थांबले. सगळे थांबले.

“आमेन,” ताई म्हणाली. इतकी खणखणीत की वॉर्डातला तो म्हाताराही आतून “आमेन” म्हणाला.

पुढच्या बैठकीत मी इतिवृत्त वाचून दाखवलं. भूत नाही, दुष्टात्माही आढळला नाही, बाई प्रभूच्या घरी आहेत, असा ठराव एकमताने मंजूर झाला. शेवटचा मुद्दा ताईने लेखी मागितला होता, तारखेसह. त्याची प्रत तिने एक्स-रेच्या खोलीत लावली आहे. तिघींवर कारवाई झाली नाही; झाली असती तर अकरा महिने मंडळ कशाला घाबरलं होतं, हे कागदावर आणावं लागलं असतं. फक्त लाँड्री बंद केली आणि त्यांना स्वयंपाकघरात भाजी चिरायला घेतलं.

चादरी आता बाहेरच्या लाँड्रीतून येतात. त्या घडी न घालता गुंडाळून येतात.